सातवी फळी

६ सप्टेंबर

आज लेख टाकला एकदाचा. ‘खिंडीपलीकडची नदी’. टाकला, फोन उशीखाली ठेवला आणि भांडी घासायला घेतली. भांडी होईपर्यंत एकोणीस जणांनी वाचला होता. गटातल्या पाववालीने लिहिलं होतं, “ताई, दुकानात उभ्या उभ्या वाचला. एक गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं तुझ्यापायी!”

आनंद झाला. पण प्रत्येक लेखानंतर भीती वाटते, तीही वाटली. इथे कुणी वाचत नाही, तर इथे तरी खरं लिहावं. मी त्या खिंडीत गेलेले नाही. ती नदी पाहिलेली नाही. मी कुठेच गेलेले नाही. गाडीत बसलं की तिसऱ्या वळणाला मला उलटी होते, अगदी लहानपणापासून. शेहेचाळीस वर्षांतला माझा सर्वांत लांबचा प्रवास मामाच्या लग्नाचा, आणि त्यात मी मामाच्या नव्याकोऱ्या बुटांवर ओकले होते. मामा अजून आठवण काढतो.

मी नकाशांच्या कचेरीत अनुरेखक आहे. दुसऱ्याने काढलेल्या रेषेवरून रेषा ओढायची, हे माझं काम. आधी ट्रेसिंग कागदावर शाईने ओढायचे, आता संगणकावर. बावीस वर्षं झाली. जुन्या शीटवर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात. रेषा एकमेकींना चिकटल्या की उभा चढ, लांब लांब गेल्या की सपाटी. त्या नुसत्या बघितल्या तरी मला डोंगर दिसतो, कुठे सावली पडेल तेही दिसतं. घरी येऊन मी तो चालून आल्यासारखा लिहून काढते.

‘चालती वही’ हा फोनवरचा गट मला तीन वर्षांपूर्वी सापडला. फिरणारी आणि लिहिणारी माणसं. कुणी कुणाचं खरं नाव विचारत नाही. माझं नाव ‘भटकी’ आहे. काय पण नाव घेतलं! गट चालवतात ते मास्तर, म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांचा एकच नियम: लेखाच्या शेवटी ‘मागून येणाऱ्यासाठी’ अशी एक ओळ हवी, त्या वाटेने उद्या कुणी गेलं तर त्याच्या उपयोगाची. ती नसेल तर लेख परत येतो.

माझी आजची ओळ: “मागून येणाऱ्यासाठी: झुलत्या पुलाची सातवी फळी मोडली आहे. लांब ढांग टाका.”

पूल शीटवर आहे. फळी माझी. मोडकी फळी असली की पूल खरा वाटतो. सगळ्यांना तीच ओळ आवडली.

९ सप्टेंबर

पाववालीने आज विचारलं, “ताई, तुला चढावर धाप कशी लागत नाही गं? तुझ्या एकाही लेखात तू थांबत नाहीस. मी तर दहा पावलांवर बसते.”

घामच फुटला मला. धाप! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. रेषांना धाप लागत नाही. मी लिहिलं, “सवय.”

“मग मीही करते सवय,” ती म्हणाली. तिच्या बेकरीच्या माळ्यावर पिठाची पोती असतात. त्या जिन्याने आजपासून रोज चढउतार करणार म्हणे. मला हसू आलं. गोड आहे मुलगी.

मुलगी म्हणजे तशी पस्तिशीची. नवरा भट्टी बघतो, ही दुकान. वर्षातून चार दिवस ती एकटी कुठेतरी चालायला जाते आणि उरलेलं वर्षभर त्याबद्दल लिहिते. मी तिला पाहिलेलं नाही. एकदा तिने फोटो पाठवला होता, त्यात कोपरापर्यंत पीठ माखलेले दोन हात होते फक्त. पण मला मार्चमध्ये ताप आला तेव्हा तासातासाला कोणी विचारलं असेल तर तिनेच. ऑफिसात लोक माझ्याशी बोलतात ते शीट मागायला.

तिला कळलं तर? हा विचार मी दिवसातून चारदा तरी करते.

२८ सप्टेंबर

भीती होती तेच झालं. त्याहून वाईट झालं.

तिच्या बेकरीतली भट्टी जुनी झाली, आतल्या विटा बदलायच्या आहेत, म्हणून ऑक्टोबरात दुकान बंद. “ताई, या वेळी तुझी वाट करायची ठरवलीय! खिंड, नदी, पूल. आणि तूही चल. दोघी मिळून जाऊ. मी पाव आणते, तू रस्ता दाखव.”

फोन हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. मग लिहिलं, “आत्याचे गुडघे दुखतात गं, तिला सोडून येता येत नाही.”

आत्या पलीकडेच वर्तमानपत्र वाचत बसली होती. मी लिहिता लिहिता पुटपुटते, ती वाईट खोड आहे मला. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, “माझ्या गुडघ्यांना मधे आणू नकोस. मी काल गच्चीत जाऊन आले.”

“आत्या, तुला काही माहीत नाही.”

“मला एवढं माहीत आहे की तू घाबरलीयस. कुणाला?”

आत्याने पस्तीस वर्षं इस्पितळात नर्सचं काम केलं. तिला खोटं सांगून पचत नाही. मी उठून चहा टाकला.

पाववालीने नंतर नकाशा मागितला. तो मात्र मी मन लावून काढून दिला. जुन्या शीटवरून बारीक टोकाच्या पेनाने ट्रेस केला, खिंडीपासून पुलापर्यंत बाण दाखवले, पलीकडचं गाव दाखवलं. फोटो काढून पाठवला. ती म्हणाली, “हा मी कागदावर छापून घेणार. किती सुंदर काढतेस!” शीटमध्ये चूक नसते. चुकले तर माझे शब्द चुकतील, रेषा नाही. असं म्हटल्यावर जरा बरं वाटलं.

४ ऑक्टोबर

मास्तरांचा वेगळा निरोप, फक्त मला. “भटकीबाई, तो पूल आपण कोणत्या साली ओलांडलात?”

लेखात ‘दोन वर्षांपूर्वी’ असं लिहिलंय, ते त्यांनी वाचलंय. मग पुन्हा का विचारतात? मी म्हटलं, “दोन वर्षं झाली.” थोड्या वेळाने दुसरा प्रश्न: “पाण्याचा आवाज खिंडीतूनच ऐकू येतो का हो? आपण लिहिलं नाहीत.”

मी उत्तर दिलं, “आठवत नाही.” त्यांनी फक्त “बरं” लिहिलं. पुढे काहीच नाही.

त्या ‘बरं’ने माझा दिवस खाल्ला. तीन शीटवर काम करायचं होतं, एकच झालं. त्यांनी गटात सगळ्यांसमोर विचारलं तर काय करायचं? गट सोडून द्यावा का? पण मग पाववाली कुणाशी बोलेल, असं मनात आलं आणि लगेच लाज वाटली. तिला बोलायला पुष्कळ लोक आहेत. नाहीत ते मला.

११ ऑक्टोबर

तिचा सकाळचा निरोप: “ताई, निघाले. माळ्याचा जिना आता न थांबता चौदा वेळा! आज खिंडीच्या पायथ्याशी मुक्काम, उद्या खिंड, परवा दुपारी पूल. परवा संध्याकाळी पलीकडच्या गावातून फोन करते. तोवर रेंज नाही. सातवी फळी लक्षात आहे.”

पुढे तीन हसरे चेहरे.

मी “जपून” असं लिहिलं. दिवसभर एकच विचार. ती परत येऊन म्हणेल, ताई, सातवी फळी धड आहे की! मी काय उत्तर देणार? दुरुस्त केली असेल, असं म्हणता येईल. हो, असंच म्हणायचं. मग जेवण गेलं.

१२ ऑक्टोबर, ऑफिसातून

घाईत लिहितेय. अक्षर बघ.

ऑगस्टपासून माझ्या टेबलाशेजारी नव्या सर्वेक्षणाच्या शीटांचा गठ्ठा पडून आहे. जुनं शीट आणि नवं शीट शेजारी ठेवायचं, फरकांची यादी करायची. गठ्ठ्यातलं पंधरावं शीट आज उघडलं. तेच खोरं. खिंड आहे, नदी आहे, गाव आहे. पूल नाही.

जिथे पूल होता तिथे दोन्ही काठांवर एकेक ठिपका, आणि मुंगीएवढ्या अक्षरात ‘जुने खांब’.

मी भिंग लावून बघितलं. शीट खिडकीशी नेऊन बघितलं. जुन्या शीटचं सर्वेक्षण त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं, ते कोपऱ्यात छापलेलं असतं. बावीस वर्षं मी तो कोपरा रोज बघते. लेख लिहिताना बघितला नाही.

तिला निरोप टाकला: “पाणी वाढलं असेल, पुलाकडे जाऊ नकोस, मागे फिर.” एकच टिक आली. दुसरी टिक येत नाही. चार वेळा टाकला. चारही निरोपांना एकच टिक.

आता लिहिताना दिसतंय की तिथेही मी पाणी वाढल्याचं लिहिलं. पूल नाही असं नाही लिहिलं.

१३ ऑक्टोबर

संध्याकाळी फोन यायचा होता. आता आठ वाजले. आला नाही.

मास्तरांनी गटात विचारलं, “पाववाली पोचली का?” मी लगेच उत्तर दिलं, “रेंज नसेल.” का दिलं? मला कुणी विचारलं नव्हतं.

मी स्वतःची समजूत घालतेय. पूल नाही दिसला तर ती मागे फिरेल. शहाणी आहे. मागे फिरून आली तर उद्या दुपारपर्यंत रेंजमध्ये. पण चढ उभा आहे. माझ्याच नकाशात तिथे रेषा एकमेकींत शिरल्यात. तिला दहा पावलांवर बसावं लागतं, आणि मी तिला सांगितलंय की सवय होते.

आत्याने पानात भाजी वाढली, तशीच काढून ठेवली. “तुझं तोंड बघ आरशात,” म्हणाली. मी नाही बघितलं.

१४ ऑक्टोबर

हे सगळं नीट क्रमाने लिहिते, कारण नंतर मी ते स्वतःच्या सोयीने आठवेन.

दहा वाजता ऑफिसात फोन वाजला. अनोळखी आवाज. “ताई का? मी पाववालीचा नवरा बोलतोय. ती तुमचं फार बोलते.” मग सांगू लागला. फोन आलेला नाही, ती पोचलेली नाही. तिकडच्या बचाव पथकाशी तो बोलला. ते विचारतात कुठल्या वाटेने गेली. “मी म्हटलं, ताईच्या वाटेने. नकाशा ती बरोबर घेऊन गेलीय. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. आमच्यात तुम्हीच एकट्या तिथे जाऊन आलायत.”

पाच मिनिटांनी पथकप्रमुखाचा फोन. मी त्याला खोरं सांगितलं, खिंड सांगितली. तो म्हणाला, “बाई, त्या खोऱ्यात पूल नाही. वीस वर्षं झाली वाहून गेल्याला. तुमचा लेख वाचला मी आत्ता. पूल तर ओलांडलाय तुम्ही?”

मी शीटवरचे ते दोन ठिपके हाताने झाकले.

“मग ते वरचं खोरं असणार. तिथे आहे फळ्यांचा पूल. खिंडी दोन आहेत, लोकांचा गोंधळ होतो. दोन वर्षांपूर्वी ओलांडलात ना?”

मी म्हटलं, “हो.”

“मोडकी फळी वगैरे होती?”

“हो.”

“मग वरचंच खोरं. माणसं तिकडे पाठवतो.” फोन ठेवला त्याने.

मी ‘हो’ म्हटलं. दोनदा म्हटलं. तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग मी काय केलं? काम केलं. खरंच. खुर्चीत बसले आणि पंधराव्या शीटची फरक यादी पुढे ओढली, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. यादीत तीन रकाने असतात: जुन्या शीटवर, नव्या शीटवर, शेरा. पायवाटेत बदल, लिहिला. दोन विहिरी वाढल्या, लिहिल्या. मग पहिल्या रकान्यात लिहिलं ‘झुलता पूल’. दुसऱ्या रकान्यात लिहायचं होतं ‘नाही’.

बावीस वर्षांत मी एका रेषेत लबाडी केलेली नाही. साहेब चहाला आलेल्या लोकांना सांगतात, हिची यादी तपासावी लागत नाही. आणि मी ‘नाही’ ही दोन अक्षरं लिहू शकत नव्हते, कारण दोन तासांपूर्वी फोनवर ‘आहे’ म्हणाले होते. पेन तसंच धरलेलं. समोर घड्याळात सव्वाबारा.

लिहिलं. ‘नाही.’ आणि फोन उचलला.

“मी तिथे गेलेच नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“कधीच नाही गेले. कुठेच नाही. पूल जुन्या नकाशावर होता. फळी मी मनाने लिहिली.”

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “बाई, माझी सहा माणसं दोन तास वरच्या खोऱ्यात चढतायत.”

“हो.”

“मघाशी का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

 त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “बोला आता. खरं असेल तेवढंच.”

मी नवं शीट पसरलं. म्हटलं, ती माझ्या नकाशाने जुन्या खांबांपर्यंत आली असणार. तिथून परत वर चढणं फार उभं आहे, दमलेलं माणूस ते टाळेल. पाण्याच्या कडेने खाली जाईल, उतार मिळेल म्हणून. डाव्या अंगाला अर्ध्या किलोमीटरवर रेषा सुट्या होतात, तिथे सपाटी आहे. त्याच्या पुढे… पुढे शीट संपलं. नदी कागदाच्या कडेवरून बाहेर गेली होती.

मी गठ्ठ्याकडे हात नेला. आणि डाव्या बाजूने कुणीतरी शेजारचं शीट कडेला कड जुळवून ठेवलं. साहेब होते. दारात कधीपासून उभे होते, देव जाणे. सगळं ऐकलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त शीटचा कोपरा हाताने दाबून धरला.

“पुढे कडा आहे,” मी फोनवर म्हटलं. “सरळ उभा. सपाटीच्या पुढे तिला जाता येणार नाही. ती गेली असेल तर पडली असेल.”

“हे कशावरून?”

“हे नव्या शीटवर आहे.”

“माणसं वळवतो. अंधाराच्या आत पोचतील का, सांगता येत नाही,” तो म्हणाला.

माणसं नाही पोचली.

घरी आल्यावर आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं बोलेल. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “तिच्या पिशवीत खायला काय असेल?”

“पाव,” मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.

१५ ऑक्टोबर

सापडली. जिवंत आहे.

सकाळी पावणेआठला पथकप्रमुखाचा फोन आला. “तुम्ही म्हणालात त्या सपाटीवर नव्हत्या. त्याच्या खाली, कपारीत. पण आम्ही सपाटीवर गेलो म्हणून शिट्टी ऐकू आली.” घोट्याचं हाड मोडलंय, डाव्या पायाला पाण्याने आणि थंडीने बरंच काही झालंय, ताप आहे. तिकडच्या मोठ्या इस्पितळात नेलंय. दोन रात्री ती तिथे बसून होती.

मी “आभारी आहे” म्हटलं. तो म्हणाला, “माझे मानू नका.” मग थांबून, “पुढच्या वेळी आधी बोला.” ठेवला फोन.

मास्तरांनाही मीच कळवलं, सगळं, पहिल्यापासून. बराच वेळ ‘लिहीत आहेत’ असं दिसत राहिलं. मग आलं: “मला शंका होती. आपल्या लेखांत वारा कधी तोंडावर येत नाही. विचारलंही होतं. पण जास्त ताणलं नाही. वाटलं, एवढं छान लिहितात, गटातून निघून जातील. मुलांच्या वह्या तपासताना असं कधी केलं नव्हतं.”

मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि तिला नव्हतं. तिच्या धापेच्या प्रश्नात मला उलटतपासणी दिसली, आणि ती बिचारी खरंच विचारत होती.

१७ ऑक्टोबर

आत्या म्हणाली, “जा.”

“आत्या, आठ तासांची बस आहे. घाट आहे.”

“ओकशील. मग? ओकून कुणी मेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.” तिने पिशवी भरून दिली. टॉवेल, लिंबं, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची घडी, एकात एक घातलेली. किती दिवसांपासून जमवत होती कोण जाणे.

तिसऱ्या वळणाला पहिली उलटी झाली. मग मोजणं सोडलं. शेजारच्या बाईने जागा बदलली, कंडक्टरने मला पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, “लांब बघा, जवळ बघू नका.” खिडकीतून डोंगर दिसत होते. एवढे मोठे असतात! बावीस वर्षं मी ते हाताखाली घेऊन बसले होते. चढावर गाडीचं इंजिन घुरघुरत होतं आणि मला सारखं वाटत होतं की आता मागे घसरणार. मी खिडकीची दांडी इतकी धरली की तळव्याला वळ उठलेत.

आता इस्पितळाच्या नातेवाइकांच्या खोलीत बसून लिहितेय. भेटायची वेळ उद्या सकाळी. ती मला भेटेल का, माहीत नाही. तिच्या नवऱ्याने फक्त “या” म्हटलंय.

१८ ऑक्टोबर

तिसरा मजला. लिफ्ट बंद. पहिल्या मजल्यावर पाण्याच्या पिंपापाशी बसले. दुसऱ्यावर पायरीवरच बसले. छाती भात्यासारखी वाजत होती, ती चढाने की भीतीने ते कळेना.

ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. ओठ फुटलेले, डावा पाय गुडघ्यापर्यंत बांधलेला. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“ताई?”

“हो.”

“मला वाटलं तू उंच असशील.”

मी उभीच राहिले. तिचा नवरा खुर्ची सरकवायला लागला, तर ती म्हणाली, “राहू दे.” मग माझ्याकडे न बघता सांगू लागली. “पथकातल्या लोकांनी सांगितलं मला तुझं. उतरताना सगळा वेळ मी त्या फळीचाच विचार करत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि मग लांब ढांग. दगडांवर सरावही केला. भीती वाटत होती, पण म्हटलं, ताईला जमलं ना. खाली पोचले तर, ताई, पहिलीच फळी नव्हती.”

तिच्या नवऱ्याने चहाचा थर्मास उचलला.

“मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं,” ती म्हणाली. “पहिला दिवस मी तुझा पूल शोधत होते. नदीकाठाने. कुठेतरी असणारच म्हणून.”

मग मी तिला ते सांगितलं, जे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते दोन तास. दहा वाजून दहापासून सव्वाबारापर्यंत. नवऱ्याच्या हातातला थर्मास तसाच राहिला. डॉक्टर म्हणतात डाव्या पायाची दोन बोटं राहतील की नाही ते चार दिवसांत कळेल. त्या दोन तासांचा त्यात किती हिस्सा आहे ते कुणाला सांगता येणार नाही, आणि मी विचारायला धजले नाही.

तिने तोंड खिडकीकडे केलं. “मी रागावलेय,” म्हणाली. “बरेच दिवस रागावणार आहे. तू आता जा.”

मी निघाले. दारापर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला, “जिना चढून आलीस?”

“हो.”

“धाप लागली?”

“लागली. दोनदा बसले.”

“कुठे?”

“पहिल्या मजल्यावर, पिंपापाशी. आणि दुसऱ्यावर पायरीवर.”

तिने मान वळवली नाही. मी थोडी थांबले आणि बाहेर आले.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच पायरीवर बसून मी गटात लिहिलं. लेख नाही, साडेपाच ओळी. मी कोण, काय काम करते, कुठे गेले नाही, काय लिहिलं, त्याने काय झालं. बसमधल्या उलट्या आणि हा जिनाही लिहिला. पाठवायच्या बटणावर अंगठा नेला आणि मागे घेतला. मला ठाऊक आहे, सहा सप्टेंबरला लेख वाचणारे ते एकोणीस जण आता हे वाचतील. मास्तरांचा नियम आहे, म्हणून शेवटची ओळ लिहिली आणि पाठवलं.

मागून येणाऱ्यासाठी: ही वाट मी चाललेली नाही. तिथे पूल नाही.